यार्डांच्या शर्यतींसाठी मैदान आखून देणारे नाशिकचे फक्कीवाले : एक परीक्षण

साध्या मुरमाच्या मैदानावर जुन्या यार्डांच्या मापाने धावण्याच्या शर्यती भरवायच्या असतील, तर नाशिकमध्ये पंचवटीतल्या फक्कीवाल्यांना, म्हणजे पांढऱ्या भुकटीने मैदान आखून देणाऱ्यांना, बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अंतिम रेषेवरचे वेळाधिकारी आपले स्वतःचे ठेवावेत, हेही त्याच दमात सांगतो. पहिल्या शिफारशीमागे त्यांचे मोजमाप आहे, दुसऱ्या सूचनेमागे त्यांची घड्याळे.

या सेवेला पाटी नाही आणि छापील दरपत्रकही नाही. एका गोदामातून बाप-लेक ती चालवतात आणि जिल्ह्यातले क्रीडाशिक्षक त्यांना फक्कीवाले याच नावाने ओळखतात. शाळांची क्रीडासंमेलने, महाविद्यालयांच्या स्पर्धा, पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांची मैदाने अशी त्यांची नेहमीची कामे. मैदान आखून देणे हा त्यांचा मूळ धंदा. त्याला जोडून अडथळे, उंच उडीचे खांब, गोळे, थाळ्या, भाले, चेस्ट नंबर, विजयमंच, घड्याळे आणि ध्वनिक्षेपक एवढे सगळे सामान टेम्पोने मैदानावर येते आणि संध्याकाळी परत जाते.

आमची मागणी त्यांच्या नेहमीच्या कामांपेक्षा वेगळी होती, म्हणून हे परीक्षणही थोडे वेगळे होणार आहे. आम्ही काही निवृत्त क्रीडाशिक्षक आणि जुने धावपटू मिळून हिवाळ्यात एक स्पर्धा घेतो, आणि या खेपेला ती इंग्लंडच्या हौशी ॲथलेटिक संघटनेच्या १९२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या धर्तीवर घ्यायची असे ठरले होते. ही संघटना १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. पहिल्या महायुद्धानंतर १९३१ पर्यंत ही स्पर्धा लंडनमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजवर, म्हणजे आज चेल्सी फुटबॉल क्लबचे घर असलेल्या मैदानावर, होत असे. १९३२ पासून ती लंडनच्याच व्हाइट सिटी या मैदानावर गेली. १९२३ च्या जुलैमध्ये याच स्टॅमफर्ड ब्रिजवर एरिक लिडल याने १०० यार्ड ९.७ सेकंदांत आणि २२० यार्ड २१.६ सेकंदांत जिंकले, आणि त्यातल्या १०० यार्डांच्या वेळेची बरोबरी करायला ब्रिटिश धावपटूंना पुढची २३ वर्षे लागली. आम्हाला त्या वेळेशी स्पर्धा करायची नव्हती. ज्या साधनांनी आणि ज्या नियमांनी ती वेळ नोंदली गेली, त्या साधनांनी आणि नियमांनी आमची मुले किती धावतात, एवढेच पाहायचे होते.

अशा मागणीवर बहुतेक सामानवाले हसून विषय बदलतात. फक्कीवाल्या काकांनी मात्र आधी विचारले, “सर, शेवटची रेषा एकच ठेवायची ना?” हा प्रश्न ऐकूनच माझा निम्मा भार हलका झाला. आजचा ट्रॅक ४०० मीटरचा, ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर, त्यामुळे प्रत्येक शर्यतीची सुरुवात वेगळ्या ठिकाणी सरकते. अंतिम रेषा हलवली तर वेळाधिकारी, पंच, दोरा, खुर्च्या सगळेच हलवावे लागते आणि दिवसभर गोंधळ चालतो. म्हणून अंतिम रेषा एकच ठेवून सुरुवाती मागे घ्यायच्या : २२० यार्डांना २०० मीटरच्या सुरुवातीपासून १.१७ मीटर, ४४० ला २.३४, ८८० ला ४.६७ आणि मैलाला ९.३४ मीटर. हे आकडे मी कागदावर लिहून नेले होते. काकांनी कागद घेतला, एकदा वाचला आणि मुलाकडे दिला. त्यानंतर तो मागावा लागला नाही.

आखणीचे काम आदल्या दिवशी दुपारनंतर सुरू झाले आणि ते पाहण्यासारखे होते. वळणाच्या केंद्रस्थानी लोखंडी खिळा ठोकताना त्यांनी जितका वेळ घेतला, तितका पुढची पूर्ण लेन मारायलाही घेतला नाही. वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर आणि सरळ बाजू ८४.३९ मीटर धरली, की आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतरावर धावणाऱ्याची फेरी बरोबर ४०० मीटर भरते. खिळा चार बोटे इकडेतिकडे झाला, तर हे सगळे गणित फुकट जाते. सुतळी ताणली जाते आणि नायलॉनची दोरी त्याहून जास्त ताणली जाते, म्हणून त्रिज्येसाठी त्यांनी पोलादी टेपच वापरली, आणि ती धरणारा मुलगा टेप जमिनीला समांतर आहे की नाही हे प्रत्येक वेळी वाकून पाहत होता. दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात जितकी पुढे ठेवतात ते अंतर, ७.०४ मीटर आणि तिथून पुढे प्रत्येक लेनला ७.६७, हे काकांना तोंडपाठ आहे. पहिला आकडा लहान का, हे त्यांनी माझ्यासोबत आलेल्या एका तरुण शिक्षकाला समजावून दिले : पहिल्या लेनचे माप कडेपासून ३० सेंटिमीटरवर घेतात, बाकीच्या लेनचे रेषेपासून २० सेंटिमीटरवर, म्हणून तेवढा फरक पडतो. बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, वर्गात हे सगळे शिकवले जाते, पण हातात फक्कीचे डबे घेऊन सांगणारा शिक्षक विरळा.

फक्की चांगल्या प्रतीची होती. चाळलेली असल्यामुळे रेषेची कड स्पष्ट उमटली आणि रात्रीच्या दवाने ती पसरली नाही. स्टॅमफर्ड ब्रिजचा ट्रॅक सिंडरचा, म्हणजे जळलेल्या कोळशाच्या चुऱ्याचा होता. आमच्या मुरमावर पाणी मारून रोलर फिरवला तेव्हा तो त्याच्या बऱ्यापैकी जवळ आला असावा. रोलर मात्र मैदानाच्या मालक संस्थेचा होता, फक्कीवाल्यांकडे तो नाही. मैदान ठरवताना ही चौकशी आधी करून ठेवावी.

आखणीत एक उणीव राहिली. ८८० यार्ड आणि मैल या शर्यती लेनमध्ये न धावता सगळे एकदम सुटतात, त्यामुळे त्यांची सुरुवातीची रेषा वक्र हवी. तिथे त्यांनी सरळ रेषा मारली होती. सरळ रेषेवर बाहेरच्या कडेला उभ्या असलेल्या धावपटूला हात-दोन हात जास्त पळावे लागते. आता ८८० यार्डांसारख्या शर्यतीत एवढ्याने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. १९२६ च्या जुलैमध्ये याच राष्ट्रीय स्पर्धेत जर्मनीच्या ओटो पेल्त्सरने ऑलिंपिक विजेत्या डग्लस लोला हरवले, तेव्हा त्याची १ मिनिट ५१.६ सेकंद ही वेळ जागतिक विक्रम ठरली; अशा शर्यतीचा निकाल शेवटच्या काही यार्डांत लागतो आणि तिथे हातभर अंतरालाही किंमत असते. स्पर्धा इंग्लंडची राष्ट्रीय, पण परदेशी धावपटूंना खुली, आणि १९२० व १९२४ च्या ऑलिंपिकचे दार ज्या देशाला बंद होते त्या देशाचा माणूस लंडनमध्ये येऊन जिंकून गेला, हेही त्या काळाच्या मानाने थोडके नव्हे. हाच पेल्त्सर पुढे नाझींच्या छळछावणीतून जिवंत बाहेर पडला आणि उतारवयात भारतात येऊन दिल्लीत मुलांना धावायला शिकवत राहिला. आमच्या रेषेबद्दल सांगायचे तर, उणीव दाखवल्यावर काकांनी वाद घातला नाही. मुलाने आतल्या कडेवर ओळीने खुंट्या ठोकल्या, दोरी त्यांना लपेटून हळूहळू सोडवत वक्र रेषा काढली आणि जुनी रेषा पाण्याने पुसली. हे सगळे संध्याकाळी दिवेलागणीच्या आत झाले आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

सुरुवातीच्या व्यवस्थेला मी पूर्ण गुण देतो. स्टार्टिंग ब्लॉकना, म्हणजे सुटताना पाय टेकवायच्या ठोकळ्यांना, आंतरराष्ट्रीय मान्यता १९३७ मध्ये मिळाली. त्याआधी धावपटू स्वतःची लहान खुरपी घेऊन येत आणि रेषेमागे पायांपुरते खड्डे खणत. १९२९ मध्ये जॉर्ज सिम्प्सनने अमेरिकेत ब्लॉकवरून १०० यार्ड ९.४ सेकंदांत मारले, पण ब्लॉक वापरल्यामुळे तो जागतिक विक्रम म्हणून मान्य झाला नाही. आम्ही ब्लॉक नको म्हटल्यावर फक्कीवाल्यांनी लेनइतक्या खुरप्या आणल्या आणि प्रत्येक हीटनंतर, म्हणजे प्राथमिक फेरीच्या शर्यतीनंतर, खड्डे बुजवून ठोकून काढायला एक माणूस दिला. आमच्या तरुण धावपटूंना पुढच्या आणि मागच्या पायाचा खड्डा किती अंतरावर घ्यायचा हेच ठाऊक नव्हते. ते त्या माणसाने त्यांच्या पायाच्या मापाने दाखवले. मागचा खड्डा जवळपास उभ्या भिंतीचा लागतो, नाहीतर मुरूम सुटतो आणि पाय घसरतो. पहिल्या हीटमध्ये दोघांचे पाय असे घसरलेच.

पिस्तूलही त्यांचेच, टिकल्यांचे आणि धूर देणारे. शाळांच्या स्पर्धांत आपण लाकडी क्लॅपर वापरतो आणि त्याच्या आवाजावर घड्याळे दाबतो. अंतिम रेषेवरच्या माणसापर्यंत तो आवाज १०० यार्ड चालून येतो, म्हणजे सेकंदाचा पाव भाग उलटलेला असतो, आणि तेवढी वेळ धावपटूला फुकट मिळते. म्हणून वेळाधिकाऱ्याने धूर पाहून घड्याळ दाबायचे असते. धूर नीट दिसावा म्हणून पिस्तुलामागे धरायला काळी रंगवलेली पत्र्याची थाळी त्यांनी न सांगता आणली होती. या एका थाळीसाठी मी त्यांना पुन्हा बोलावीन.

आता घड्याळांकडे येतो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या क्रमांकावर तीन घड्याळे लावली जात. तिघांपैकी दोघांची वेळ जुळली तर ती घ्यायची, तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली. या नियमात शहाणपण आहे, पण तिघांनी आपापले घड्याळ स्वतंत्र वाचून, एकमेकांना न दाखवता लिहिले तरच. फक्कीवाल्यांनी सेवेबरोबर जे वेळाधिकारी दिले, त्यातला मुख्य मुलगा दोऱ्याला छाती लागताच मोठ्याने वेळ पुकारत होता, आणि बाकीचे दोघे आपल्या घड्याळाकडे पाहून मान डोलावत होते. १०० यार्डांच्या पहिल्या दोन हीटमध्ये तिघांच्याही चिठ्ठ्यांवर दशांशापर्यंत एकच आकडा आला. तीन माणसांच्या अंगठ्यांत इतके मतैक्य असणे मला तरी संशयास्पद वाटते. दुसरे असे, की त्यांची डिजिटल घड्याळे शतांश दाखवतात आणि हाताने घेतलेली वेळ नियमाप्रमाणे पुढच्या दशांशावर न्यावी लागते, म्हणजे ११.२१ ची नोंद ११.३ अशी होते. त्यांच्याकडून ती ११.२ अशी होत होती. विद्यार्थ्याला खूश करायला हे ठीक, पण वेळ म्हणून ते खोटे. तिसऱ्या हीटपासून आम्ही आमची माणसे बसवली. ती वेळ पुकारत नव्हती, आणि चिठ्ठ्यांवरचे आकडेही माणसांसारखे वेगवेगळे येऊ लागले.

फोटो फिनिशचा कॅमेराही त्यांच्याकडून भाड्याने मिळतो. आमच्या स्पर्धेत त्याचे काम नव्हते, म्हणून आम्ही तो घेतला नाही. ज्यांना आजच्या नियमांची स्पर्धा घ्यायची आहे त्यांनी जरूर घ्यावा, कारण हाताच्या वेळेत आणि विजेच्या वेळेत १०० मीटरला साधारण ०.२४ सेकंदांचा फरक धरला जातो आणि निवडचाचणीत तेवढ्याने मुलाचे वर्ष जाते.

दोऱ्याची गोष्ट छोटी आहे, पण तिच्यात त्यांची तयारी दिसते. उद्घाटनाला कापतात तसली प्लास्टिकची लाल फीत त्यांनी आधी दाखवली; ती तुटत नाही आणि धावपटूच्या गळ्याला लागते. लोकरीचा धागा हवा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या लोकरीचा गुंडा हजर होता, आणि प्रत्येक शर्यतीपूर्वी दोन्ही खांबांवर तो छातीच्या उंचीवर धरायला दोन मुले.

अडथळ्यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. १२० यार्ड अडथळा शर्यतीत पहिला अडथळा १५ यार्डांवर, पुढे दर १० यार्डांना एक आणि शेवटी पुन्हा १५ यार्ड. ११० मीटरपेक्षा एकूण अंतर सुमारे २७ सेंटिमीटरने कमी. अंतिम रेषा कायम ठेवल्यामुळे सगळे अडथळे तेवढे पुढे सरकवावे लागतात, आणि ते त्यांनी बिनचूक केले. आपटला की पुढे कलंडणारे आजचे अडथळे त्या काळी नव्हते. शिवाय अडथळा पडला तर विक्रम मानत नसत. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांत बॉब टिसडल सुवर्णपदक जिंकला, पण शेवटचा अडथळा पडल्यामुळे जागतिक विक्रम दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनच्या नावावर लागला. हा नियम आम्ही ठेवला आणि आमच्या मुलांपैकी एकाचीही वेळ त्यामुळे ग्राह्य धरता आली नाही.

उंच उडीसाठी फोमच्या गाद्या त्यांच्याकडे उत्तम आहेत, पण आम्हाला वाळूचा खड्डा हवा होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे डोके आधी आडव्या काठीवरून नेले तर उडी बाद. अमेरिकेच्या महिलांच्या १९३२ च्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत, इव्हान्स्टन येथे, बेब डिड्रिक्सन ही एकटी मुलगी एका विमा कंपनीचा एकसदस्यीय संघ म्हणून उतरली. तिने एकटीने ३० गुण मिळवून सांघिक विजेतेपद घेतले आणि २२ जणींचा दुसरा संघ २२ गुणांवर राहिला. तिथे उंच उडीत तिने जीन शायलीबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला होता. दोन-तीन आठवड्यांनी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा दोघींची बरोबरी झाली, तेव्हा पंचांनी डिड्रिक्सनची उडी डोके आधी गेल्याच्या कारणाने नियमबाह्य ठरवली आणि सुवर्ण शायलीला गेले. पाठीवर पडणाऱ्या आजच्या उडीचा सराव असलेल्या आमच्या मुलींना त्यामुळे एकेक पाय काठीवरून नेण्याच्या कात्री उडीवर यावे लागले, आणि कात्री उडीत माणूस पायांवर उतरतो, म्हणून वाळू चालते. फक्कीवाल्यांनी आणलेली वाळू मात्र जाड आणि खड्यांची होती. ती चाळून घ्यायला आमच्या स्वयंसेवकांची सकाळ गेली. वाळू मागवताना चाळलेली हवी असे वेगळे सांगावे. इंग्लंडच्या हौशी संघटनेची स्पर्धा केवळ पुरुषांची होती आणि तिथल्या महिलांनी १९२२ मध्ये आपली संघटना वेगळी काढली. हा नियम पाळण्याचा प्रश्न आमच्याकडे कोणी काढलाही नाही.

बक्षिसांच्या बाबतीत एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. काकांच्या मुलाने सुचवले, की एखाद्या प्रायोजकाचा फलक लावला तर रोख बक्षिसे देता येतील आणि मुले जास्त येतील. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण ज्या स्पर्धेचा नमुना आम्ही घेतला होता, तिचा सगळा डोलाराच रोख पैसे न घेण्यावर उभा होता. पैशासाठी धावलेला, पैजेवर धावलेला, किंवा खेळ शिकवून पोट भरणारा माणूस त्या संघटनेच्या मूळ व्याख्येत हौशी ठरत नसे. म्हणजे आमच्या समितीतले आम्ही सगळे निवृत्त क्रीडाशिक्षक स्टॅमफर्ड ब्रिजवर प्रेक्षकांत बसलो असतो. त्याआधीच्या एका क्लबने तर कारागीर आणि मजूर यांनाच वगळले होते. ते कलम १८८० मध्ये काढून टाकले, हे या संघटनेच्या बाजूने नोंदवायला हवे. आपल्याकडे १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी पाहिले ते अनवाणी धावणारे शेतकरी. त्यातूनच १९२० चा अँटवर्पचा संघ उभा राहिला आणि बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला. जुनी कलमे लावली असती, तर यातले किती जण रेषेपर्यंत पोचले असते कोण जाणे. आम्ही फक्त पदके दिली. ती फक्कीवाल्यांकडूनच घेतली होती. मुलामा चकचकीत आहे, वजन मात्र नाममात्र, आणि रिबन शिवलेली नसून चिकटवलेली असल्यामुळे काहींची समारंभातच सुटली. पदके दुसरीकडून घ्यावीत.

पैशांचा हिशेब सरळ आहे : आखणीचे वेगळे, सामानाचे दिवसावर, माणसांचे डोक्यावर आणि टेम्पोभाडे अंतरावर. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते. बिल हाताने लिहिलेले पण बाबवार असते, त्यामुळे वर्गणीदारांपुढे ठेवायला अडचण येत नाही. माझी तक्रार एकाच बाबीवर आहे. वारा मोजण्याचे यंत्र आम्ही मागितले नव्हते, कारण सेकंदाला दोन मीटर वाऱ्याची मर्यादाच मुळी १९३६ मध्ये आली आणि १९२३ च्या धर्तीवरच्या स्पर्धेत ते यंत्र बसत नाही. ते पेटीतून बाहेरही निघाले नाही, तरी बिलात त्याचे भाडे लागले. बोलल्यावर ते निम्मे कमी झाले, पूर्ण नाही. टेम्पोही सकाळी ठरल्या वेळेपेक्षा उशिराच आला, पण मैदान आदल्या संध्याकाळीच आखलेले असल्यामुळे पहिली हीट वेळेवर सुटली.

डिसेंबर आणि जानेवारी हे शाळांच्या क्रीडासंमेलनांचे महिने असल्यामुळे त्या काळात त्यांची तारीख मिळणे कठीण असते. दिवाळीच्या सुट्टीतच बोलणी करून ठेवावीत. यार्डांची आखणी हवी असेल तर सुरुवातीच्या रेषांची मापे आणि वक्र रेषा कोणत्या शर्यतींना हव्यात हे कागदावर लिहून द्यावे, वेळाधिकारी आपले न्यावेत, नको असलेल्या सामानाची यादी आगाऊ रक्कम देतानाच करून घ्यावी, आणि मैदानावर रोलर आहे की नाही हे आधी पाहून यावे. काकांचा नंबर जिल्ह्यातल्या कोणत्याही क्रीडाशिक्षकाकडे मिळेल.